एडवर्ड बाख

एडवर्ड बाख (२४ सप्टेंबर १८८६ – २७ नोव्हेंबर १९३६) हे इंग्लिश वैद्यकतज्ज्ञ, जीवाणुशास्त्रज्ञ आणि पुष्पौषधी या उपचारपद्धतीचे जनक होते. भीती, अधीरता, निराशा, अनिश्चितता अशा मनःस्थितींवर रानफुलांपासून बनवलेली ३८ औषधे त्यांनी सुचवली. ही औषधे आज 'बाख पुष्पौषधी' किंवा 'बॅच फ्लॉवर रेमेडीज' या नावांनी ओळखली जातात आणि महाराष्ट्रातही होमिओपॅथीच्या औषधांच्या दुकानांत मिळतात. या औषधांचा परिणाम वैज्ञानिक चाचण्यांत सिद्ध झालेला नाही. तरीही रोगाइतकेच रोग्याच्या मनाकडे पाहणारा वैद्य म्हणून बाख यांचे चरित्र अभ्यासले जाते. त्यांच्या पहिल्या फुलाची भावंडे सातारा जिल्ह्यातील कास पठारावर फुलतात आणि त्यांच्या यादीतील द्राक्षवेल सांगली जिल्ह्याच्या शेतीचा कणा आहे. त्यामुळे या भागातील वाचकांना त्यांच्या कार्याची ओळख आपल्या परिसरातील वनस्पतींच्या आधारे करून घेता येते.

जन्म आणि बालपण

बाख यांचा जन्म इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराजवळच्या मोझली येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे वेल्सचे होते. वडिलांचा पितळेच्या वस्तू घडवण्याचा कारखाना होता. लहानपणी प्रकृतीने नाजूक असलेल्या एडवर्ड यांना रानावनात एकट्याने भटकण्याची आवड होती. सुट्टीत वेल्सच्या डोंगरांतून केलेल्या पायपिटीमुळे त्यांचा झाडापानांशी परिचय झाला. पुढे आयुष्याच्या निर्णायक वळणावर ते याच प्रदेशात परतले.

वयाच्या सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते वडिलांच्या कारखान्यात काम करू लागले. तेथे सुमारे तीन वर्षे त्यांनी कामगारांचे जीवन जवळून पाहिले. आजारपणामुळे रोजगार बुडण्याची धास्ती, औषधपाण्याचा न परवडणारा खर्च आणि त्यातून वाढणारी चिंता यांचे दर्शन त्यांना येथे घडले. साधे, स्वस्त आणि कोणालाही वापरता येईल असे औषध शोधण्याच्या त्यांच्या ध्यासाचे मूळ चरित्रकारांनी या अनुभवात शोधले आहे.

शिक्षण आणि वैद्यकीय कारकीर्द

बाख यांनी वैद्यकीय शिक्षणाचा आरंभ बर्मिंगहॅम येथे केला आणि ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये पूर्ण केले. १९१२ मध्ये त्यांना वैद्यकीय व्यवसायाची पात्रता मिळाली. १९१३ मध्ये त्यांनी वैद्यकशास्त्राची व शल्यशास्त्राची पदवी घेतली. १९१४ मध्ये केंब्रिज येथून सार्वजनिक आरोग्याची पदविका मिळवली.

रुग्णालयात काम करताना त्यांच्या एक गोष्ट वारंवार लक्षात येऊ लागली. एकच रोग आणि एकच उपचार असूनही एक रुग्ण लवकर बरा होतो, तर दुसरा दीर्घकाळ खितपत पडतो. हा फरक केवळ शरीरावरून उलगडत नव्हता. रुग्णाचा स्वभाव आणि आजाराकडे पाहण्याची त्याची वृत्ती यांचाही त्यात वाटा असावा, असे त्यांना वाटू लागले. हा प्रश्न पुढे त्यांच्या सर्व कार्याच्या केंद्रस्थानी राहिला.

याच काळात ते जीवाणुशास्त्राकडे वळले. जुनाट आजार असलेल्या रुग्णांच्या आतड्यांत आढळणाऱ्या विशिष्ट जीवाणूंचा अभ्यास करून त्यांनी लसी तयार केल्या. पहिल्या महायुद्धात प्रकृतीच्या कारणाने त्यांना सैन्यात घेतले गेले नाही. मात्र युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये जखमी सैनिकांसाठी राखलेल्या ४०० हून अधिक खाटांची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी फार कठीण ठरले. त्या वर्षी त्यांच्या पहिल्या पत्नीचे निधन झाले. जुलै महिन्यात ते स्वतः रक्तस्राव होऊन कोसळले. त्यांच्यावर तातडीने अर्बुदाची शस्त्रक्रिया करण्यात आली. त्यांच्या चरित्रकार नोरा वीक्स यांच्या लेखनानुसार, ते जेमतेम तीन महिने जगतील, असे डॉक्टरांचे मत होते. अपुरे राहिलेले संशोधन पूर्ण करण्याच्या इच्छेने ते अंथरुणातून उठून प्रयोगशाळेत जाऊ लागले आणि हळूहळू बरे झाले. माणसाला जगण्याचे प्रयोजन असेल तर शरीर त्याला साथ देते, असा अर्थ त्यांनी या अनुभवातून काढला. एका व्यक्तीच्या अनुभवावरून सर्वसाधारण वैद्यकीय नियम सिद्ध होत नाही. तथापि त्यांच्या विचारांना मिळालेली दिशा समजण्यासाठी हा प्रसंग महत्त्वाचा आहे.

होमिओपॅथीशी संबंध

१९१९ मध्ये बाख लंडन होमिओपॅथिक हॉस्पिटलमध्ये विकृतिशास्त्रज्ञ व जीवाणुशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. तेथे त्यांनी होमिओपॅथीचे संस्थापक सॅम्युएल हानेमान यांचा 'ऑर्गेनॉन' हा ग्रंथ वाचला. रोगापेक्षा रोग्यावर उपचार करावा, हा त्यातील विचार त्यांना आपल्या निरीक्षणांशी जुळणारा वाटला. आतड्यांतील जीवाणूंपासून त्यांनी होमिओपॅथीच्या पद्धतीने सात औषधे तयार केली. ती 'बाख नोसोड' म्हणून प्रसिद्ध झाली. १९२५ मध्ये चार्ल्स व्हीलर यांच्यासह त्यांनी जुनाट आजारांवर एक पुस्तक लिहिले.

या औषधांच्या वापरासाठी त्यांनी रुग्णांचे सात गट केले होते. प्रत्येक गटाची काही स्वभाववैशिष्ट्ये असल्याचे त्यांना जाणवू लागले. पुढे पुढे ते प्रयोगशाळेतील तपासणीपेक्षा रुग्णाच्या वागण्याबोलण्यावरून औषध ठरवू लागले. जीवाणूंपासून बनवलेल्या औषधांविषयी मात्र त्यांच्या मनात संकोच होता. रोगकारक पदार्थांऐवजी शुद्ध आणि सौम्य अशा वनस्पती वापरता याव्यात, असे त्यांना वाटत होते.

पहिली तीन रानफुले

सप्टेंबर १९२८ मध्ये बाख वेल्सला गेले. तेथून त्यांनी इम्पेशन्स आणि मिम्युलस या दोन वनस्पती आणल्या. त्याच वर्षी क्लेमॅटिस ही तिसरी वनस्पती त्यांनी निवडली. अधीर आणि चिडखोर व्यक्तीसाठी इम्पेशन्स, ठाऊक असलेल्या गोष्टींची भीती बाळगणाऱ्या व्यक्तीसाठी मिम्युलस आणि वर्तमानातून मन काढून स्वप्नांत रमणाऱ्या व्यक्तीसाठी क्लेमॅटिस, अशी त्यांची योजना होती.

यांपैकी इम्पेशन्स ग्लँड्युलिफेरा ही जाती मूळची इंग्लंडची नाही. ती हिमालयातील आहे. १८३९ मध्ये ती बागेतील शोभेची वनस्पती म्हणून ब्रिटनमध्ये नेण्यात आली आणि नंतर नदीकाठांनी पसरली. आज तेथे ती स्थानिक वनस्पतींना हटवणारी उपद्रवी वनस्पती मानली जाते. मिम्युलसही उत्तर अमेरिकेतून तेथे आलेली आहे. बाख ज्यांना इंग्लंडच्या ओढ्याकाठची रानफुले म्हणून वेचत होते, त्यांतील काही अशी परदेशातून आलेली होती.

लंडनचा त्याग

१९३० च्या मे महिन्यात बाख यांनी लंडनमधील उत्तम चाललेला व्यवसाय आणि प्रयोगशाळा यांचा कायमचा निरोप घेतला. त्या वेळी ते ४३ वर्षांचे होते. आपली आधीची टिपणे आणि लसींचे साहित्य त्यांनी नष्ट केले, असे नोरा वीक्स यांनी नोंदवले आहे. वीक्स याच पुढे त्यांच्या प्रमुख सहकारी झाल्या. वेल्सला पोहोचल्यावर औषधी कुटण्याच्या खलबत्त्याची पेटी मागे राहून जोड्यांनी भरलेली पेटी सोबत आल्याचे लक्षात आले, अशी आठवण त्यांनीच दिली आहे. पुढील काही वर्षे बाख यांनी इतकी पायपीट केली की जोडेच अधिक उपयोगी पडले. त्यांनी शोधलेल्या नव्या पद्धतीला खलबत्त्याची गरज उरली नाही.

फुलांवर साचलेल्या दवबिंदूंमध्ये सूर्यप्रकाशामुळे त्या फुलाचे गुण उतरतात, अशी बाख यांची कल्पना होती. दव पुरेसे गोळा करणे अवघड असल्याने त्यांनी सोपा मार्ग काढला. काचेच्या वाडग्यात झऱ्याचे स्वच्छ पाणी घेऊन त्यावर ताजी फुले तरंगत ठेवायची. निरभ्र आकाशाखाली सुमारे तीन तास ती उन्हात राहू द्यायची. नंतर फुले काढून त्या पाण्यात तितकीच ब्रँडी मिसळायची. या मूळ द्रावाचे काही थेंब पुन्हा ब्रँडीत घालून औषधाची बाटली तयार होते. १९३५ मध्ये त्यांनी दुसरी पद्धत योजली. तीत फुलोऱ्याच्या डहाळ्या पाण्यात अर्धा तास उकळतात. झाडांच्या बहुतेक फुलांसाठी हीच पद्धत वापरली जाते.

बारा औषधांपासून अडतीस औषधांपर्यंत

१९३० पासून बाख यांचा उन्हाळा रानावनात आणि हिवाळा बहुधा नॉरफोक परगण्यातील क्रोमर या किनाऱ्यावरील गावी जात असे. १९३१ मध्ये त्यांचे 'हील दायसेल्फ' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. आजाराच्या मुळाशी मनाचा विसंवाद असतो, हा त्यातील मध्यवर्ती विचार आहे. १९३३ मध्ये 'द ट्वेल्व्ह हीलर्स' हे पुस्तक आले.

पहिल्या बारा औषधांत पूर्वीच्या तिघांखेरीज पुढील नऊ वनस्पती आहेत :

ॲग्रिमनी – हसऱ्या चेहऱ्याआड चिंता लपवणाऱ्यांसाठी
सेंटॉरी – कोणालाही नकार देता न येणाऱ्यांसाठी
सेराटो – स्वतःच्या निर्णयावर भरवसा नसणाऱ्यांसाठी
चिकोरी (कासनी) – प्रेमाने इतरांना बांधून ठेवणाऱ्यांसाठी
जेन्शियन – लहानशा अपयशाने खचणाऱ्यांसाठी
रॉक रोझ – तीव्र भयाने गोठून गेलेल्यांसाठी
स्क्लेरँथस – दोन पर्यायांत घोटाळणाऱ्यांसाठी
वर्व्हेन – अतिउत्साहाने स्वतःला शिणवणाऱ्यांसाठी
वॉटर व्हायोलेट – इतरांपासून अलिप्त राहणाऱ्यांसाठी

यानंतर त्यांनी 'सात साहाय्यक' या नावाने गॉर्स, ओक, हेदर, रॉक वॉटर, द्राक्षवेल, ऑलिव्ह आणि वाइल्ड ओट यांची भर घातली. यांपैकी रॉक वॉटर ही वनस्पती नसून झऱ्याचे पाणी आहे.

१९३४ मध्ये बाख ब्राइटवेल-कम-सॉटवेल या खेड्यातील 'माउंट व्हर्नन' नावाच्या लहानशा घरात राहू लागले. पुढील वर्षी त्यांनी आणखी १९ औषधे निश्चित केली. त्यांत चेरी प्लम, पाइन, अक्रोड, विलो, होली, रानगुलाब आणि रानमोहरी यांचा समावेश आहे. वीक्स यांच्या म्हणण्याप्रमाणे, प्रत्येक औषध सापडण्यापूर्वी बाख यांना ती विशिष्ट मनोव्यथा स्वतःला तीव्रतेने जाणवत असे. ज्या फुलाने ती शमते असे त्यांना वाटे, ते त्या व्यथेवरील औषध ठरत असे. ही पद्धत पूर्णपणे त्यांच्या व्यक्तिगत अनुभवावर आधारलेली होती आणि त्यांच्यावरील वैज्ञानिक आक्षेपांचे तेच मुख्य कारण आहे. बारा, सात आणि एकोणीस मिळून ३८ औषधे झाल्यावर आपले कार्य पूर्ण झाल्याचे त्यांनी मानले.

रॉक रोझ, इम्पेशन्स, क्लेमॅटिस, चेरी प्लम आणि स्टार ऑफ बेथलेहेम या पाच औषधांचे मिश्रण 'रेस्क्यू रेमेडी' या नावाने विशेष प्रसिद्ध आहे. अपघात, धक्का किंवा अचानक आलेले संकट अशा प्रसंगी मनाला धीर यावा, या हेतूने ते बनवण्यात आले.

पुष्पौषधी आणि होमिओपॅथी यांतील फरक

पुष्पौषधी होमिओपॅथीच्या दुकानांत मिळत असल्याने दोन्ही पद्धती एकच आहेत, असा समज आढळतो. बाख होमिओपॅथीच्या वातावरणात घडले असले तरी त्यांची अखेरची पद्धत वेगळी आहे. तिच्यात समानाने समानाचा उपचार करण्याचे तत्त्व नाही आणि टप्प्याटप्प्याने विरल करून घुसळण्याची प्रक्रियाही नाही. औषधाची निवड शारीरिक लक्षणांवरून न होता केवळ मनःस्थितीवरून होते. आयुर्वेदातील पुष्पांच्या वापराशीही तिचा थेट संबंध नाही. आयुर्वेदात फुले रस, वीर्य, विपाक इत्यादी द्रव्यगुणांच्या विचाराने वापरली जातात.

वैद्यकीय परिषदेशी मतभेद

बाख गरजू रुग्णांकडून शुल्क घेत नसत आणि औषध बनवण्याची कृती त्यांनी कधी गुप्त ठेवली नाही. औषधे लोकांपर्यंत पोहोचावीत म्हणून १९३२ मध्ये त्यांनी वृत्तपत्रांत जाहिरात दिली. डॉक्टरने जाहिरात करणे व्यावसायिक नीतीला धरून नसल्याने जनरल मेडिकल कौन्सिलने त्यांच्याकडे विचारणा केली. १९३६ मध्ये वैद्यकीय पात्रता नसलेल्या सहकाऱ्यांकडून काम करून घेण्याबद्दल कौन्सिलने पुन्हा पत्र पाठवले. बाख यांनी आपली भूमिका बदलली नाही. साध्या वनस्पतींच्या वापराचे ज्ञान सर्वांचे आहे, असे त्यांचे मत होते. कौन्सिलने त्यांचे नाव नोंदवहीतून काढून टाकले नाही.

या वादात दोन्ही बाजूंना वजन होते. उपचाराचे ज्ञान मूठभरांच्या हाती राहू नये, हा बाख यांचा आग्रह होता. अप्रशिक्षित व्यक्तीच्या हातून गंभीर रोगाचे निदान हुकू नये, हा परिषदेच्या नियमांमागील हेतू होता.

निधन

२४ सप्टेंबर १९३६ रोजी, पन्नासाव्या वाढदिवशी, बाख यांनी वॉलिंगफर्ड येथे आपल्या पद्धतीवर जाहीर व्याख्यान दिले. त्यानंतर त्यांची प्रकृती झपाट्याने ढासळली. २७ नोव्हेंबर १९३६ रोजी झोपेतच त्यांचे निधन झाले. सॉटवेल येथील चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले. नोरा वीक्स आणि व्हिक्टर बुलेन या सहकाऱ्यांनी माउंट व्हर्नन येथून काम पुढे चालवले. वीक्स यांनी लिहिलेले बाख यांचे चरित्र १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. ते एका निष्ठावान सहकाऱ्याने लिहिलेले असल्याने त्यातील प्रसंग वाचताना ही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते.

सातारा व सांगली परिसरातील संबंधित वनस्पती

सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटर अंतरावर कास पठार आहे. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ मध्ये त्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत झाला. सप्टेंबरच्या सुमारास पठारावरील कातळावर जांभळट गुलाबी तेरड्याचे गालिचे पसरतात. हा तेरडा म्हणजे इम्पेशन्स कुलातील 'इम्पेशन्स लॉई' ही जाती होय. बाख यांचे पहिले फूल याच कुलातील आहे, परंतु जाती भिन्न आहे. त्यामुळे कासच्या तेरड्याला बाख यांचे औषध म्हणता येत नाही. या पठारावरील फुले तोडण्यास मनाई आहे.

इम्पेशन्स या लॅटिन नावाचा अर्थ अधीर असा आहे. पिकलेल्या बोंडाला हलकासा स्पर्श होताच ते फुटून बिया दूर फेकते, यावरून हे नाव पडले. बाख यांनीही हे फूल अधीरतेसाठीच निवडले. मराठी माणसाने मात्र याच वनस्पतीत दुसरा गुण पाहिला. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण क्षणभंगुर डौलाविषयी आहे. भाद्रपदात अनेक घरांत तेरड्याची रोपे गौर म्हणून आणून पुजली जातात. एकाच कुलातील फुलावर वेगवेगळ्या समाजांनी मनाचे वेगवेगळे भाव आरोपित केले आहेत. फुलाचा अर्थ हा बराचसा पाहणाऱ्याच्या मनात असतो, हे यावरून लक्षात येते. बाख यांच्या पद्धतीचे मूल्यमापन करताना ही बाब उपयोगी पडते.

क्लेमॅटिस कुलातील मोरवेल आणि रानजाई सह्याद्रीच्या झुडपी रानात आढळतात. याही बाख यांच्या क्लेमॅटिसहून भिन्न जाती आहेत. द्राक्षवेलीची गोष्ट निराळी आहे. बाख यांनी वापरलेली 'व्हायटिस व्हिनिफेरा' हीच जाती सांगली जिल्ह्यातील तासगाव, मिरज व परिसरातील बागांत लावली जाते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर साधारण दीड महिन्यात वेलीवर बारीक हिरवट फुलोरा येतो. बाख यांनी हा फुलोरा इतरांवर हुकूमत गाजवणाऱ्या, कठोर स्वभावाच्या व्यक्तींसाठी सांगितला. बागायतदाराच्या दृष्टीने मात्र तो वर्षभराच्या कष्टाचा आणि काळजीचा काळ असतो, कारण त्या दिवसांतील ढगाळ हवा व पाऊस यांमुळे रोग पडून घड गळतात.

वैज्ञानिक मूल्यमापन

पुष्पौषधींवर अनेक नियंत्रित चाचण्या झाल्या आहेत. त्यांत काही सहभागींना पुष्पौषधी आणि इतरांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखा दिसणारा पण औषधी घटक नसलेला पदार्थ देण्यात आला. एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००२ आणि २०१० मध्ये अशा चाचण्यांचे पद्धतशीर आढावे प्रसिद्ध केले. २००९ मध्ये आणखी एक स्वतंत्र आढावा प्रसिद्ध झाला. पुष्पौषधींचा परिणाम प्लासिबोपेक्षा अधिक असल्याचे या आढाव्यांत आढळले नाही. अंतिम औषधात वनस्पतीचा अंश नगण्य असतो, हेही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. ही औषधे सर्वसाधारणपणे निर्धोक मानली जातात. मात्र त्यांत मद्यार्क असतो. नैराश्य, तीव्र चिंता किंवा आत्महत्येचे विचार अशा अवस्थांत त्यांच्यावर विसंबून वैद्यकीय उपचार लांबवणे धोक्याचे ठरते.

औषध घेतल्यावर बरे वाटल्याचे अनेक जण सांगतात. त्यामागे काळाच्या ओघात येणारा उतार, बरे होण्याची अपेक्षा आणि कोणीतरी आपले म्हणणे शांतपणे ऐकून घेतल्याचा दिलासा ही कारणे असू शकतात. बाख यांच्या पद्धतीत औषध निवडण्यापूर्वी रुग्णाशी त्याच्या भीतीविषयी, रागाविषयी आणि दुःखाविषयी सविस्तर बोलावे लागते.

महत्त्व

बाख यांच्या कार्याचे दोन भाग वेगळे करून पाहावे लागतात. फुलांतील गुण पाण्यात उतरून मनोव्यथा दूर होतात, हे त्यांचे प्रतिपादन चाचण्यांच्या कसोटीवर टिकलेले नाही. रुग्णाच्या मनाची विचारपूस केल्याशिवाय उपचार पूर्ण होत नाही, हा त्यांचा आग्रह मात्र आधुनिक वैद्यकाशी विसंगत नाही. तरुण वयात रुग्णालयाच्या खाटांपाशी त्यांना पडलेला प्रश्न योग्य होता. त्याचे त्यांना सापडलेले उत्तर अपुरे ठरले. प्रतिष्ठा आणि प्राप्ती सोडून त्या उत्तराच्या शोधात त्यांनी आयुष्याची शेवटची सहा वर्षे रानफुलांच्या सहवासात घालवली.